पाळण्याची दोरी आणि सरकार



दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे वर्गाच्या हजेरीपटावर नवीं नांवें चढविण्याचें काम आम्हां शिक्षकांकडे येतें. तें काम करितांना एक लहानसा प्रश्न मीं वर्गास पुष्कळदां विचारला आहे. "तुझ्या आजोबांस भावंडें किती होतीं? तुझ्या वडिलांस किती? आणि तुला किती?" उत्तरें बहुधा एकाच वळणाचीं येतात. आजोबांस सहा-सात, त्यांतलीं दोन-तीन लहानपणींच गेलीं, वडिलांस तीन-चार, आणि उत्तर देणाऱ्यास एक भाऊ किंवा एक बहीण. कित्येकांस तेवढेंही नाहीं. तीन पिढ्यांचा हा हिशेब पाटीवर तीन ओळींत मावतो. पण आज जगांतील मोठमोठ्या राष्ट्रांचे प्रधान ज्या विवंचनेंत पडले आहेत, ती विवंचना या तीन ओळींतच सांठलेली आहे.

जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, फ्रान्स, स्वीडन, हंगेरी इत्यादि संपन्न देशांत मुलांचे जन्म कमी होत चालले आहेत, आणि ते वाढावेत म्हणून तेथील सरकारांनीं नाना उपाय योजिले आहेत. कोणी म्हणेल, "हें दूरदेशींचें दुखणें, आपल्या देशांत माणसांस उभें राहावयास जागा नाहीं, मग आपणांस त्याची चिंता कशाला?" परंतु तें दुखणें आतां दूरदेशींचें राहिलेलें नाहीं. शिवाय त्यावरचा कोणता उपाय लागू पडतो आणि कोणता पडत नाहीं, याचा उलगडा जितका पॅरिस किंवा टोकियो येथें होतो, तितकाच आपल्या जामखेड तालुक्यांत होतो. या दोन गोष्टी दाखवाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक संज्ञा समजून घेऊं. एका स्त्रीस तिच्या आयुष्यांत सरासरीनें किती मुलें होतात, तो आंकडा म्हणजे त्या देशाचा जननदर. पुढची पिढी आजच्या पिढीएवढीच राहावयाची असेल, तर हा दर सुमारें 2.1 असावा लागतो. आईबाप या दोघांची जागा भरून काढण्यास दोन मुलें पुरेशीं आहेत, मग वरचा एक दशांश कशाला? तर कांहीं मुलें मोठीं होण्यापूर्वींच दगावतात, आणि निसर्गतः मुलींपेक्षां मुलगे थोडे अधिक जन्मतात, म्हणून. दर 2.1 च्या खालीं उतरला कीं प्रत्येक पिढी मागच्या पिढीहून लहान होऊं लागते. त्रैराशिकानें पाहा. दर 1.15 असेल, तर हजार माणसांच्या पिढीमागून सुमारें साडेपांचशेंची पिढी येते, आणि तिच्यामागून तीनशेंची. जपानचा दर 2024 सालीं बरोबर एवढाच होता. त्या वर्षीं तेथें सात लाखांहून कमी मुलें जन्मास आलीं आणि सोळा लाख माणसें मरण पावलीं. दक्षिण कोरियाचा दर तर 2023 सालीं 0.72 पर्यंत उतरला.

यांत सरकारनें घाबरावें असें काय आहे? आपल्या घराचीच कल्पना करा. चार आजी-आजोबा, दोन आईबाप आणि एक मूल. आज कमावते दोघे आहेत. उद्यां तें मूल एकटें कमावतें होईल, तेव्हां म्हातारपण किती जणांचें सांभाळावें लागेल? राष्ट्राचेंही तसेंच आहे. वृद्धांचें निवृत्तिवेतन, त्यांचें औषधपाणी, रस्ते, शाळा, सैन्य हें सर्व काम करणाऱ्या पिढीच्या करांतून चालतें. ती पिढीच आटली तर हें ओझें थोड्या खांद्यांवर येतें. दर खालीं गेल्याबरोबर लोकसंख्या घटत नाहीं, कारण मागील मोठ्या पिढींतल्या मुली आज माता झालेल्या असतात. झरा आटला तरी विहिरींत सांठलेलें पाणी कांहीं दिवस पुरतें, तसाच हा प्रकार. म्हणूनच पुष्कळ लोकांस झरा आटल्याचें लवकर कळत नाहीं.

आतां आपल्या घरीं येऊं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें 1992-93 सालीं महाराष्ट्राचा जननदर सुमारें 2.9 होता, 2005-06 सालीं तो 2.1 झाला, आणि 2019-21 च्या पाहणींत 1.7 निघाला. म्हणजे आपल्या राज्याची पुढची पिढी आजच्या पिढीच्या चार पंचमांशच असणार. फ्रान्सचा दर 2024 सालीं 1.62 होता. तेव्हां जन्मांच्या बाबतींत महाराष्ट्र फ्रान्सच्या पंगतीस जाऊन बसला आहे. संपत्तीच्या बाबतींत मात्र अद्यापि बसावयाचा आहे. याची एक खूण आम्हां शिक्षकांस लागलीच दिसते. ज्यांच्या पटावर वीस मुलेंही नाहींत अशा शाळा राज्यांत हजारोंनीं आहेत, आणि 2023 सालीं त्या एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्य सरकारनें पुढें मांडला. पट घटण्यास शहरांकडे जाणारे लोक आणि इंग्रजी शाळांची ओढ हींही कारणें आहेत. परंतु पाळणेच कमी हलूं लागले, हें कारण त्या सर्वांच्या बुडाशीं आहे.

हें कसें घडून आलें? महाराष्ट्रांत संततिनियमनाचा विचार फार जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 1921 सालीं मुंबईंत त्यासाठीं केंद्र उघडलें. ते मिशनच्या विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते, आणि या कार्यापायीं त्यांस ती नोकरी सोडावी लागली, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. पुढें 1952 सालीं भारत सरकारनें कुटुंबनियोजन हें राष्ट्रीय धोरण केलें. त्यांतून लाल त्रिकोण आला, आणि दोन मुलांच्या कुटुंबाचें चित्र भिंतीभिंतींवर रंगविलें गेलें. कांहीं वेळां सरकारचा धीर सुटला. आणीबाणीच्या काळांत, 1976 सालीं, तीन अपत्यांनंतर सक्तीनें शस्त्रक्रिया करण्याचें विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानें संमत केलें. त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाहीं, म्हणून तें कायदा झालें नाहीं. नंतर निराळा मार्ग निघाला. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरें अपत्य झाल्यास ग्रामपंचायतीच्या व जिल्हा परिषदेच्या सभासदत्वास अपात्र, असा नियम झाला, आणि 2005 सालीं सरकारी नोकरीसही लहान कुटुंबाची अट लागली.

या सर्व हुकुमांनींच जन्म घटले असें मानण्याची संवय आपणांस लागली आहे. पण आपल्या जिल्ह्याची साक्ष निराळी आहे. 1970 सालीं डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें जामखेड येथें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. तो दुष्काळी मुलूख होता. त्या वेळीं तेथें जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं 176 मुलें पहिल्या वाढदिवसापूर्वींच दगावत, आणि दर हजार लोकवस्तींत वर्षास सुमारें 40 जन्म होत. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवा, म्हणजे एकाचें कारण दुसऱ्यांत सांपडतें. जिच्या चार लेकरांपैकीं किती वांचतील याचा नेम नाहीं, ती माता सहावें व सातवें लेकरू कां मागते हें तिला विचारावें लागत नाहीं.

डॉक्टर दांपत्यानें काय केलें? गांवांतीलच स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक अस्पृश्य मानलेल्या वस्तींतल्या होत्या. त्यांस बाळंतपण, जुलाबावरील उपचार, पोषण व स्वच्छता यांचें शिक्षण दिलें. विंधनविहिरी घेऊन स्वच्छ पाणी दिलें. बायकांचीं मंडळें झालीं, आणि पुरुषही एकत्र येऊन गांवाचा विचार करूं लागले. पुढें वीस-बावीस वर्षांत बालमृत्यु दरहजारीं विसाच्या घरांत आले, आणि जन्मांचें प्रमाणही चाळिसांवरून विसांवर आलें. येथें कोणावर सक्ती झाली नाहीं, कोणाचें सभासदत्व गेलें नाहीं. झालेलें लेकरू वांचेल असा भरंवसा मातेस आला, आणि तिनें आपण होऊन पाळणा लांबविला. 1979 सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें, आणि जगांतून लोक जामखेडास शिकावयास येऊं लागले.

जामखेडचा धडा एका वाक्यांत असा: उद्यांविषयीं कुटुंबास जितका भरंवसा, त्या मानानें तें मुलांची संख्या ठरवितें. या एका किल्लीनें परदेशांतील सरकारांचे उपाय उघडून पाहूं.

प्रथम सिंगापूर घ्या, कारण त्याची कथा आपल्या कथेसारखीच सुरू होते. इवलेंसें बेट, दाट वस्ती. 1970 नंतरच्या दशकांत तेथील सरकारनें "दोनांवर थांबा" असा घोष लाविला. तिसऱ्या मुलाच्या वेळीं प्रसूतीचा खर्च वाढविला, पगारी रजा काढून घेतली, घरें देतांना व शाळाप्रवेशाच्या वेळीं मोठ्या कुटुंबास मागें ठेविलें. लोकांनीं तें इतकें मनावर घेतलें कीं थोड्याच वर्षांत दर 2.1 च्या खालीं गेला. मग 1987 सालीं सरकारनें घोष उलटा केला; परवडत असल्यास तीन किंवा अधिक मुलें होऊं द्या, असें सांगितलें. 2001 पासून जन्माबरोबर रोख रक्कम देण्याची योजना काढली. परिणाम? 2023 सालीं तेथील दर 0.97 होता. लहान घरांत, मोठ्या स्पर्धेंत, एकाच मुलावर सर्व आशा एकवटून जगण्याची लोकांस संवय झाली, आणि ती संवय सरकारच्या नव्या घोषानें मोडली नाहीं. उतारावर गाडी ढकलणें सोपें असतें. तीच परत चढणीवर ओढावयाची म्हणजे बैल निराळे लागतात.

हुकुमाचा उपाय रोमानियानें केला. 1966 सालीं तेथील सरकारनें गर्भपातावर बंदी घातली, आणि संततिनियमनाचीं साधनेंही मिळेनाशीं झालीं. पुढच्याच वर्षीं जन्म जवळजवळ दुप्पट झाले. राज्यकर्त्यांस वाटलें, जिंकलों. पण कांहीं वर्षांतच लोकांनीं चोरट्या वाटा शोधल्या आणि जन्म पुनः घसरले. त्या चोरट्या वाटांवर हजारों स्त्रिया प्राणांस मुकल्या; बाळंतपण व गर्भपात यांमुळें होणारे मातांचे मृत्यु युरोपांत तेथें सर्वांत अधिक झाले. नकोशीं झालेलीं मुलें अनाथाश्रमांत भरलीं. 1989 सालीं ती राजवट कोसळली, तेव्हां उठविलेल्या पहिल्या निर्बंधांत हा एक होता. मूल हुकुमानें जन्मास आणतां येतें, पण त्यास लागणारी माया हुकुमानें आणतां येत नाहीं.

पैशाचा उपाय हंगेरीनें केला. चार मुलांच्या मातेस जन्मभर प्राप्तिकर माफ, असा नियम तेथें 2020 पासून लागू झाला. शिवाय नवविवाहितांस मोठीं कर्जें दिलीं, आणि मुलें झालीं कीं तीं अंशतः वा पूर्णतः माफ केलीं. 2011 सालीं तेथील दर 1.23 होता. तो 2021 सालीं सुमारें 1.6 झाला, आणि 2024 पर्यंत पुनः 1.4 च्या आसपास उतरला. पैशाचा उपयोग झालाच नाहीं असें नाहीं. ज्यांस मूल हवें होतें त्यांनीं तें थोडें आधीं होऊं दिलें. पण ज्यांस नको होतें त्यांचें मन बदललें नाहीं. जपानास 1989 सालचा दर 1.57 पाहून मोठा धक्का बसला, आणि 1994 पासून तेथें योजनांमागून योजना आल्या. 2023 सालीं केवळ मुलांसाठीं निराळें सरकारी खातें निघालें. तरीही दर शेवटीं खालींच गेला. कारण कामाच्या ठिकाणीं रात्रीपर्यंत बसण्याची रीत तशीच राहिली, आणि घरचें सारें काम स्त्रीच्याच माथीं राहिलें. ज्या स्त्रीस नोकरी आणि मूल यांपैकीं एकच निवडावें लागतें, तिला देणगीची रक्कम कितीशी पुरणार?

तिसरा उपाय ओझें वांटून घेण्याचा. तो स्वीडननें व फ्रान्सनें केला. 1934 सालीं अल्वा आणि गुन्नार मिर्डाल या विद्वान् दांपत्यानें घटत्या जन्मांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, मूल वाढविण्याचा खर्च आईबाप करितात आणि लाभ सर्व राष्ट्रास होतो, म्हणून राष्ट्रानें त्या खर्चांत भागीदार व्हावें. आणि जें मूल व्हावयाचें तें इच्छेनें व्हावें. लग्न झालें किंवा दिवस गेले म्हणून स्त्रीस नोकरीवरून काढतां येऊं नये असा कायदा स्वीडननें 1939 सालीं केला. 1974 पासून अपत्यसंगोपनाची पगारी रजा आईबरोबर बापासही मिळूं लागली. आज ती दोघांत मिळून 480 दिवसांची आहे; त्यांतील 90 दिवस बापाचे व 90 दिवस आईचे राखीव आहेत, ते दुसऱ्यास देतां येत नाहींत. फ्रान्समध्यें कुटुंबभत्ता आहे, पाळणाघरें आहेत, आणि तीन वर्षांच्या मुलापासून फुकट शिशुशाळा आहे. या दोन्ही देशांत 2010 च्या सुमारास दर 2 च्या जवळ होता, म्हणजे पूर्वेकडील संपन्न देशांच्या मानानें कितीतरी बरा.

येथें एक गैरसमज दूर झाला पाहिजे. मुली शिकूं लागल्या, नोकरी करूं लागल्या, म्हणून पाळणे ओस पडले, असें कित्येक म्हणतात. तसें असतें तर स्वीडन, जेथें बहुतेक सर्व स्त्रिया काम करितात, तो सर्वांच्या खालीं असता. पण कोरिया व जपान त्याच्याहून खालीं आहेत. आपल्या याच नगरांत मिस सिंथिया फॅरार यांनीं मुलींच्या शिक्षणाची जी परंपरा उभारली, आणि जिच्या छायेंत सावित्रीबाई फुले यांस शिक्षिकेचें शिक्षण मिळालें, तिचा दोष यांत काडीचाही नाहीं. दोष आहे तो शिकलेल्या मुलीस साह्य न करणाऱ्या घराचा आणि कचेरीचा.

तरीही खरें तें सर्व सांगितलें पाहिजे. 2024 सालीं स्वीडनचा दरही 1.43 पर्यंत आला, आणि फ्रान्सचा आपण वर पाहिलाच. म्हणजे ओझें वांटून घेणें हा उपायही रामबाण नव्हे. त्यानें उतार मंद होतो, मातांस श्वास घेतां येतो, जन्मलेलीं मुलें सुखानें वाढतात. ज्यास हुकूम म्हणतात त्यानें यांतलें कांहींच होत नाहीं. आंकड्याच्या जोडीला माणसाचें सुखही मोजावयाचें ठरविलें, तर तिन्ही उपायांत याचेंच पारडें जड आहे.

जन्म वाढविण्याचा सरकारी प्रयत्न आपल्याही राज्यांत झालेला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तो पारशी समाजासाठीं झाला. भारतांत पारशांची संख्या 1941 च्या खानेसुमारींत 1,14,890 होती. 2011 च्या खानेसुमारींत ती 57,264 भरली. सत्तर वर्षांत सर्व देशाची वस्ती तिपटीहून वाढली, आणि ज्या समाजानें मुंबईस गिरण्या, इस्पितळें व विद्यालयें दिलीं तो निम्मा झाला. त्यांच्यांत लग्नें उशीरा होतात, पुष्कळांचीं होतच नाहींत, आणि वृद्धांचें प्रमाण मोठें आहे. म्हणून 2013 सालीं भारत सरकारनें "जियो पारसी" ही योजना काढली. ज्या जोडप्यांस मूल हवें असून होत नाहीं त्यांस उपचारासाठीं साह्य, हा तिचा पहिला भाग. लोकांचें मन वळविण्यासाठीं जाहिराती, हा दुसरा. पण त्या जाहिरातींत अविवाहितांस टोमणे आहेत असें खुद्द पारशी स्त्रीपुरुषांसच वाटलें, आणि त्यांवर टीका झाली. पुढें तिसरा भाग जोडला गेला. घरांतील वृद्धांची शुश्रूषा आणि लहान मुलांचें संगोपन यांसाठीं कुटुंबांस पैशाचें साह्य देण्यांत येऊं लागलें. हा क्रम पाहण्याजोगा आहे. औषध झालें, उपदेश झाला, आणि शेवटीं सरकार त्याच जागीं आलें जेथें जामखेडच्या आरोग्यसेविका पहिल्या दिवसापासून उभ्या होत्या: घराचें ओझें हलकें करणें. योजनेच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तिच्या साह्यानें सुमारें चारशें मुलें जन्मलीं. समाजाची घट त्यानें थांबली नाहीं; पण ज्या चारशें घरांत पाळणा हलला त्यांच्या आनंदाचें मोल कोणी कमी लेखूं नये.

इतर राज्यांतही वारें फिरलें आहे. दोनांहून अधिक मुलें असणाऱ्यांस स्थानिक निवडणुकींत उभें राहण्याची आंध्र प्रदेशांत बंदी होती. 2024 सालीं तेथील विधिमंडळानें ती उठविली. अशा नियमांविषयीं महाराष्ट्रांतही पालकांनीं विचार केला पाहिजे. 1.7 दर असलेल्या राज्यांत तिसऱ्या मुलाची भीति बाळगणें म्हणजे आटत्या विहिरीस बांध घालणें होय. नियम राहो वा जावो. परंतु गाडी उतारावर किती वेगानें चालली आहे हें न पाहतां ती ढकलीत राहणें शहाणपणाचें नाहीं.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख संपवितां येत नाहीं. आपल्या जिल्ह्यांत कुटुंबें लहान झालीं, पण सर्वांचीं मनें त्याबरोबर मोठीं झालीं नाहींत. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुली 2001 च्या खानेसुमारींत 884 होत्या. 2011 सालीं त्या 852 राहिल्या. गर्भाचें लिंग तपासण्यावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्रानें 1988 सालीं, देशांत सर्वांच्या आधीं, केला असतां हें घडलें. "एक किंवा दोनच, आणि त्यांत मुलगा हवाच", अशी ही वृत्ति. आज ज्या मुली जन्मूं दिल्या नाहींत त्या उद्यांच्या माता होत्या. मग पंचवीस वर्षांनीं कोणत्याही सरकारनें कितीही पैसे वांटले तरी हलवावयास पाळणा कोठून येणार? गांवोगांव लग्नासाठीं मुली मिळत नाहींत म्हणून तरुण व त्यांचे आईबाप हळहळतात, ती याच हिशेबाची पहिली वसुली आहे. राज्य सरकारनें 2023 सालीं "लेक लाडकी" योजना काढून गरीब घरच्या मुलीस जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानें 1,01,000 रुपये देण्याचें ठरविलें. हें चांगलें झालें. पण लेकीस लाडकी करण्याचें काम योजनेचें नव्हे, तें उंबऱ्याच्या आंतलें आहे.

पालकहो, सरकारकडे मागावयाचेंच असेल तर हें मागा. 2017 च्या दुरुस्तीनें नोकरदार मातेस 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि पन्नास किंवा अधिक कामकरी असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची सोय करण्याचें बंधन आलें. पण ऊंसतोडीस जाणारी, कांदे खुडणारी, दुसऱ्याच्या घरीं धुणींभांडीं करणारी माता त्या पन्नासांत मोजली जात नाहीं. तिचें मूल बांधावर किंवा बैलगाडीच्या सावलींत झोळींत असतें. तिच्या लेकरासाठीं अंगणवाडी दिवसभर उघडी असावी, दवाखाना जवळ असावा, गांवची शाळा चालू असावी. ज्या गांवांत हीं तीन दारें उघडीं आहेत, तेथें मूल हें ओझें वाटत नाहीं.

मुलांनो, तुमच्यापाशींही एक मागणें आहे. पाळण्याची दोरी आईच्या हातीं असते, असें आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलों, आणि तें कौतुकानें म्हणतां म्हणतां ती दोरी तिच्या एकटीच्या हातांत देऊन मोकळे झालों. जामखेडनें ती गांवाच्या हातीं दिली. स्वीडननें ती बापाच्या हातीं दिली. आज घरीं गेल्यावर धाकट्या भावंडास घटकाभर सांभाळा, आजीस औषध द्या, आणि हें काम बहिणीचें आहे असें म्हणूं नका. तुम्ही कर्ते व्हाल तेव्हां तुमच्या घरीं किती मुलें असावींत हें तुम्हीच दोघांनीं ठरवावें. त्यांत सरकारनें सक्ती करूं नये, लालूच दाखवूं नये आणि शेजाऱ्यानें टोमणे मारूं नयेत. पण जें मूल येईल, तें मुलगा असो वा मुलगी, त्याच्या पाळण्याची दोरी दोघांच्याही हातीं असूं द्या. ज्या प्रभूनें बालकांस मोठ्यांच्या मध्यें उभें करून मान दिला, त्याच्या नांवानें चाललेल्या या विद्यालयांतून निदान एवढा धडा तुम्हीं घेऊन जावा.